खांदेरीचा तट

गेली बारा वर्षं मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. किनाऱ्यालगतची कामं आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गुंडाळतो, ती थेट दसऱ्याच्या सुमारास पुन्हा काढतो. मधल्या महिन्यांत समुद्र काही टिकू देत नाही. म्हणूनच अलिबागजवळच्या खांदेरी बेटाबद्दल वाचलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना: किल्ल्याचं काम सुरू झालं १६७९च्या ऑगस्टअखेरीस.

ऐन पावसाळी समुद्रात? बेटावर?

जानेवारीतल्या एका रविवारी थळहून होडी केली. उतरताना नाखवा काकांनी बजावलं, “ताई, चपला काढू नका. कालवं पाय कापतात.” तटाबाहेर मोठाले ओबडधोबड दगड टाकलेत. लाट आधी त्यांच्यावर फुटते, मग उरलीसुरली तटाला लागते. आज आम्ही टेट्रापॉड, म्हणजे लाट फोडणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकतो, तेच काम हे दगड करतात. वर कालवांची धार, त्यामुळे अनवाणी उतरणाऱ्याची वाटही बंद.

शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना दीडशे माणसं आणि चार लहान तोफा देऊन इथे धाडलं. मुंबई इथून जेमतेम वीस किलोमीटर. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता, त्यांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार नागावकडून चालून आलं आणि इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ मात्र एकटी झुंजत राहिली, तिच्यापुढे मराठ्यांना मागे फिरावं लागलं.

लढाया वाचलेल्या होत्याच. मला अडकवून ठेवतात त्या मधल्या रात्री. उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या होड्या इंग्रजांच्या जड जहाजांना चकवून बेटावर माणसं, दाणागोटा, बांधकामाचं सामान पोचवत राहिल्या. अंधार, भरतीचा हिशोब, ओझ्याने पाण्याला टेकलेली होडी. दगड उतरवताना एकाचा हात सुटला तर काय होतं, ते मी धक्क्यावर भर दुपारी पाहिलंय. इथे तर समोर तोफा होत्या. आणि तरीही तट चढत गेला. जानेवारी १६८०त इंग्रज मागे हटले. त्याच महिन्यात जंजिऱ्याच्या सिद्दीने समोरची उंदेरी धरली, आणि दोन्ही बेटं पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा डागत राहिली.

बुरुजावर चाकांच्या गाड्यावर चढवलेली तोफ अजून आहे. अशी गाड्यासकट तोफ आपल्याकडे क्वचितच बघायला मिळते, मी तिच्या चाकाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. १८६७च्या दीपगृहाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. वेताळाच्या देवळात नारळ ठेवला.

ढासळलेल्या भागातला एक सुटा दगड टेपने मापला: ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटर. काळा दगड घनमीटरला अडीच टनांच्या वर भरतो. म्हणजे हा एकच तीनशे किलोच्या आसपास.

परतताना काकांना विचारलं, एवढा दगड होडीतून न्यायचा तर किती माणसं लागतील?

“चार.”

“आणि रात्री?”

त्यांनी थोडा विचार केला. “पाच. एक नुसता पाण्याकडे बघायला.”