दुसरी ड्राइव्ह घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा

आमच्या घरी गेमिंग पीसी एकच आहे आणि खेळणारे दोघं, मी आणि माझा धाकटा भाऊ. आत ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह). विंडोज आणि माझं ऑफिसचं सामान धरलं की गेमसाठी जेमतेम साडेतीनशे जीबी उरतात. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी मागतो, रेड डेड रिडेम्प्शन २ तेवढेच, स्टारफिल्ड १२५. मग दर महिन्याला भावाचं सुरू, "ताई, तुझा स्टारफिल्ड उडवू का? नंतर परत टाकू." नंतर परत टाकणं एवढं सोपं नाही. आमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा. त्या वेगाने १५० जीबी उतरायला आठ तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये लाइट गेली नाही तर.

दुसरी ड्राइव्ह घ्यायची ठरली तेव्हा ज्याला विचारावं तो वेगाचे आकडे सांगत होता. सेकंदाला ७००० एमबी, १४००० एमबी. माझं मत अगदी उलट झालं आहे: आधी स्लॉट बघा, मग जागा, आणि वेग सगळ्यात शेवटी.

माझा मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरला मदत करणारी चिप), वर रायझन ५ ५६०० प्रोसेसर. एनव्हीएमई बसते ते एम.२ चे स्लॉट दोन. वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला, पीसीआय एक्सप्रेस (ड्राइव्हची जोडणी) ४.० पिढीचा. तिथे विंडोजची ड्राइव्ह बसली आहे. खालचा चिपसेटमधून जातो आणि तो ३.० चा, म्हणजे साधारण ३५०० एमबीच्या पुढे जाणारच नाही. तिथे ७००० ची ड्राइव्ह लावली तरी ती चालेल, पण अर्ध्या वेगाने. मॅन्युअलमधल्या एका छोट्या तक्त्यात आणखी एक गोष्ट होती: खालचा एम.२ भरला की साटाचे (केबलने डिस्क जोडायचे) ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. बऱ्याच बी५५० बोर्डांवर असंच असतं. माझी जुनी हार्ड डिस्क नेमकी ५ वर होती, ती आधीच २ वर हलवली. हा तक्ता न वाचता ड्राइव्ह बसवली की जुनी डिस्क एकदम गायब होते आणि माणूस बिचारा नवी ड्राइव्ह खराब आहे म्हणून दुकानात परत जातो.

आता वेगाचं. गेम लोड होताना ड्राइव्हवरून नुसती फाइल वाचून भागत नाही. ती दाबून ठेवलेली असते, ती उलगडावी लागते, आणि बहुतेक गेममध्ये हे काम प्रोसेसर करतो. त्यामुळे ५५० एमबीची साटा एसएसडी आणि ३५०० ची एनव्हीएमई यांच्या लोडिंगमध्ये बहुतेक वेळा काही सेकंदांचाच फरक पडतो. उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणारं डायरेक्टस्टोरेज आलं आहे, पण ते नीट वापरणारे गेम अजून मोजकेच. जेन ५ च्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या ड्राइव्हचे पैसे मी दुप्पट जागेवर घालेन.

हार्ड डिस्कवर मात्र नवे गेम टाकू नका. बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफिल्ड या दोन्हींच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिली आहे. हार्ड डिस्कच्या हेडला इकडून तिकडे धावावं लागू नये म्हणून गेम बनवणारे एकच फाइल अनेक ठिकाणी ठेवत आले. हेलडायव्हर्स २ चं उदाहरण बघा. पीसीवर तो सुमारे १५४ जीबी झाला होता. २०२५ च्या शेवटी बनवणाऱ्यांनी या दुबार फाइली काढल्या, तो सुमारे २३ जीबीवर आला. ही बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. सगळ्यांनी हे केलं तर आपल्यापैकी कितीतरी जणांना दुसरी ड्राइव्ह घ्यावीच लागणार नाही.

टीएलसी की क्यूएलसी (एसएसडीच्या चिपचे दोन प्रकार) यावर मी बराच विचार केला. क्यूएलसीच्या एका सेलमध्ये चार बिट बसतात, टीएलसीत तीन. म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते, पण कॅश (आधी लिहायला वापरली जाणारी वेगवान जागा) भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो, काही ड्राइव्हचा तर हार्ड डिस्कच्याही खाली जातो. नुसते डाउनलोड करून खेळणाऱ्याला ते जाणवणार नाही, कारण ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. इतकं कुठलीही ड्राइव्ह सहज लिहिते. आमच्याकडे मात्र शंभर-दीडशे जीबीचे गेम सारखे एका ड्राइव्हवरून दुसरीवर हलतात, म्हणून मी टीएलसी घेतली. १ टीबी, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची मेमरी चिप) नसलेली, ५ वर्षांची वॉरंटी. खालचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या अगदी जवळ आहे आणि नाशिकचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. डीरॅम नसलेली साधी ड्राइव्ह सहसा कमी तापते, हेही तिच्या बाजूने गेलं.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केली. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकल पकडून ग्रँट रोड. ऑनलाइनही मिळाली असती, पण बॉक्सचं सील आणि मॉडेल नंबर हातात घेऊन बघायचा होता. एकाच नावाखाली कधी टीएलसी, कधी क्यूएलसी विकली जाते, त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच लागतो.

बसवताना एम.२ चा तो इवलासा स्क्रू हाताशी ठेवा. तो सहसा ड्राइव्हसोबत येत नाही, मदरबोर्डच्या बॉक्समधल्या पुडीत असतो. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून जीपीटी (डिस्कच्या विभागणीची पद्धत) निवडायचं, एनटीएफएस फॉरमॅट करायचं. १ टीबीचे ९३१ जीबी दिसतील, ते बरोबरच आहे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. मग स्टीमच्या (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) सेटिंग्जमध्ये स्टोरेजवर जाऊन नवी ड्राइव्ह जोडली की गेम तिथूनच हलवता येतात. थोडी जागा मोकळी ठेवा, कारण मोठा अपडेट आला की स्टीमला जुन्या फाइलींशेजारी नव्या तयार करायला जागा लागते.

जुनी हार्ड डिस्क मी काढली नाही. सध्या न खेळले जाणारे गेम तिच्यावर पडून असतात. १५० जीबी तिच्यावरून परत आणायला वीसेक मिनिटं लागतात. भावाने आता स्टारफिल्ड तिकडे टाकलाय आणि त्या जागेत स्वतःचा रेड डेड घेतलाय. मला हवा तेव्हा चहा होईपर्यंत परत येतो.