गुंजवणे ते राजगड: खांद्याला लावायची पिशवी कशी निवडावी

राजगड एका दिवसात करून यायचं आणि सॅकऐवजी हाती शिवलेली खांद्याची पिशवी न्यायची, तर कुठली न्यावी? भाद्रपदातल्या फेरीत तीन पिशव्या बरोबर होत्या. एक हातमागाची शबनम, दुसरी शिकारी झोळ्याच्या घाटणीची, कॅनव्हास आणि चामड्याची, तिसरी मेण लावलेल्या जाड कॅनव्हासची, कंबरेला बांधायची पट्टी असलेली.

पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला पोचायचं. गावापासून चोर दरवाजापर्यंत दोन ते अडीच तास धरा. सुरुवातीच्या झाडीतल्या वाटेला कुठलीही पिशवी चालते, त्यामुळे तिथे काही कळत नाही. कळतं ते शेवटच्या उभ्या टप्प्यावर. तिथे रेलिंग आहे आणि दोन्ही हात त्यालाच लागतात. पुढे वाकलं की शबनम खांद्यावरून घसरून पोटाशी येते, गुडघा वर उचलला की तिच्यावर आपटतो आणि पाय ठेवायची पायरीच दिसत नाही. चोर दरवाजा ठेंगणा आहे, वाकूनच आत जावं लागतं; बाजूला फुगलेली पिशवी तिथे दगडाला घासते.

म्हणून निवडताना खिसे मोजत बसू नका. पट्टा आणि कंबरेची पट्टी आधी बघा. पट्टा छातीवरून तिरपा घेतल्यावर पिशवीचं तोंड कंबरेच्या उंचीला यावं आणि तळ खुब्याच्या फार खाली जाऊ नये. खालच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ एकेक डी-रिंग (इंग्रजी D अक्षरासारखी धातूची कडी) हवी आणि त्यातून काढलेली अडीच सेंटिमीटरची पट्टी पोटावर बांधता आली पाहिजे. एवढ्यानं पिशवी पाठीच्या बाजूला बसून राहते. बालेकिल्ल्याच्या चढावर तर ही पट्टी नसेल तर पिशवी खाली ठेवून जाणंच बरं.

मुख्य पट्टा 5 सेंटिमीटर रुंद सुती नवारीचा घ्यावा. नायलॉनचा पट्टा घामानं सरकतो आणि मानेला कापतो. पट्टा पिशवीच्या काठालाच शिवलेला असेल तर ती घेऊ नका, सगळं वजन चार-पाच इंच शिलाईवर येतं आणि टाके तिथूनच उसवतात. एकाच सलग नवारीनं खांद्यावरून येऊन एका बाजूनं खाली, तळाखालून आणि दुसऱ्या बाजूनं वर जावं. 34 सेंटिमीटर रुंद, 28 उंच आणि 10 खोल पिशवीला बक्कलसकट सुमारे अडीच मीटर नवार लागते. आत साधारण साडेनऊ लिटर मावतं, दिवसाला पुरेसं. यापेक्षा मोठी शिवली की माणूस ती भरतोच.

वजन पिशवीसकट 4 किलोच्या आत ठेवा. 2 लिटर पाणी, डबा, रेनकोट, विजेरी, औषधं, एवढ्यात ते संपतं. उन्हाळ्यात 3 लिटर पाणी लागतं, तेव्हा सरळ सॅक न्यावी. एका खांद्यावर तो भार घेऊन उतरताना तोल एकाच अंगाला जातो. पाण्याच्या एकाऐवजी दोन बाटल्या घ्या, दोन टोकांना ठेवा, मध्ये डबा.

शिकारी झोळ्याबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे काडतुसांच्या पट्ट्या आणि पाखरं हवेशीर राहावीत म्हणून लावलेली पुढची जाळी यांचं मूळ काम इथे उरलेलं नाही. मात्र त्या घाटणीतलं काढून धुता येणारं अस्तर फार कामाचं आहे. शिकारी ते रक्त धुवायला काढत. आपल्याला ओले मोजे, चिखल लागलेली दोरी आणि गडावरून परत आणायचा कचरा त्यात टाकता येतो. जाळीत ओला पंचा वाळतो. चामडं मात्र पावसाळ्यात त्रास देतं. भिजलेला चामडी पट्टा ताणतो, पिशवी दोन बोटं खाली येते, म्हणून भोकं एकेक इंचावर पाडून घ्या. ओलं चामडं चुलीशी किंवा उन्हात वाळवलं की कडक होऊन तडकतं. सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच तेलाचा हलका हात द्या.

शिवून घ्यायची असेल तर पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी या भागात नवार, बक्कल, रिव्हेट बघायला मिळतात. शिवायला ब्लाउज शिवणाऱ्यांकडे देऊ नका. कॅनव्हासचे चार थर घरगुती मशीन ओढत नाही, टाके सुटतात. चपला-बॅगा शिवणाऱ्याचं जड मशीन, 18 नंबर किंवा त्यापुढची सुई आणि पॉलिस्टरचा जाड दोरा हवा. सुती दोरा ओलाव्यानं कुजतो. इंचाला सहा-सात टाके पुरेत. दाट टाके घातले तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीनं फाटतं. पट्टा जोडलेल्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मागा. रिव्हेट पितळी म्हणून विकले तर लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग पडतील.

झाकण दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर जास्त रुंद असावं, म्हणजे तिरप्या पावसात पाणी आत जात नाही. चेन टाळा, मातीनं अडकते.

मेण घरी लावता येतं. दोन भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण. नुसतं पॅराफिन घड्यांवर पांढरं पडून तडकतं. भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, मेणाची वाफ पेट घेते. उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. ब्रशानं पातळ हात द्या, केस वाळवायच्या यंत्रानं तापवून मुरवा. पट्ट्याला मेण लावू नका, सदऱ्यावर डाग पडतात. मेण लावलेली पिशवी वॉशिंग मशीनमध्ये कधीच टाकू नका. गार पाणी आणि ओला फडका, बस्स. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत ठेवली तर मेण सुटून सीटला लागतं, उतरताना ती काढून घ्या.