ईथरची बाटली उघडली कधी?

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्या मे महिन्यात, परीक्षा आटोपून लॅब रिकामी झाल्यावर. आधीच्या प्रभारी मॅडम निवृत्त झाल्या होत्या. रजिस्टर आणि कपाटातला माल यांचा मेळ घालून द्या, एवढंच काम मला सांगितलं होतं. स्टोअर तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, आणि सुट्टीत दार दिवसभर बंद. दुसऱ्या दिवशी मी तिथे लॅबमधलाच एक थर्मामीटर टांगून ठेवला. दुपारी तीनला बघितलं तर ३६ अंश.

डायइथिल ईथर, म्हणजे लॅबमध्ये सॉल्व्हंट म्हणून वापरतात ते नेहमीचं ईथर, ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. हा आकडा मी वर्गात कित्येकदा सांगितला असेल, पण मुंबईच्या मे महिन्यातल्या बंद खोलीशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात तोवर कधी आला नव्हता. अशा खोलीत ईथरची बाटली म्हणजे मंद आचेवर ठेवलेलं भांडंच. आत दाब धरून बसलेला असतो. झाकण सैल असेल तर वाफ हळूहळू बाहेर येत राहते, आणि हवेपेक्षा अडीच पटीहून जड असल्यामुळे ती वर न जाता फरशीवर उतरते. ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश आहे. म्हणजे आपल्याकडे वर्षातला कुठलाही दिवस, कुठलीही वेळ घ्या, त्यावर पेटण्याइतकी वाफ असतेच.

आमच्या लॅबमधल्या अटेंडंटना सगळेच मामा म्हणतात. बावीस वर्षं ते ही कपाटं सांभाळताहेत. मी यादी वाचत होते, ते बाटल्या दाखवत होते. असिटोन, इथेनॉल, हेक्झेन, इथाइल असिटेट असं करत आम्ही खालच्या खणाशी आलो. मामा म्हणाले, "मागच्या ओळीत अजून दोन ईथर आहेत मॅडम. त्या कुणाला लागत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला काढतो, पुसतो, परत ठेवतो."

मी खाली बसून टॉर्च मारला. पहिली बाटली स्वच्छ होती, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी आलेली. तिच्यामागची तपकिरी बाटली पाव भरलेली, लेबलचा कागद पिवळा पडलेला. उत्पादनाची तारीख वाचता आली, नऊ वर्षांपूर्वीची. ती उघडली कधी, याची नोंद कुठेच नव्हती. आणि झाकणाच्या कडेला, जिथे आटे संपतात तिथे, मीठ फुटावं तसा पांढरा थर आला होता.

मामांचा हात तिच्याकडे गेलेला. मी म्हटलं, "मामा, थांबा. हात मागे घ्या, सावकाश."

ईथर पेटतं हे सगळ्यांना माहीत असतं. नुसतं पडून राहिलं तर ते स्फोटकही होऊ शकतं, हे माहीत असणारी माणसं कमी. हवेतला ऑक्सिजन आणि उजेड मिळाला की ईथरमध्ये पेरॉक्साइड नावाची अस्थिर संयुगं तयार होऊ लागतात. ईथर उडून जातं, पेरॉक्साइड सहजासहजी उडत नाहीत. त्यामुळे बाटली जितकी रिकामी होत जाईल तितकं उरलेलं द्रव जास्त धोक्याचं. स्फटिक बनले तर धक्का, घर्षण किंवा उष्णता त्यांना पुरते, आणि ते झाकणाच्या आट्यांत अडकलेले असले तर झाकण फिरवणं हेच घर्षण. तो पांढरा थर पेरॉक्साइडचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण ते झाकण उघडून तपासायची गोष्ट नव्हती. अशा वेळी बाटलीला हात लावायचा नाही, हलवायची नाही, उघडायची तर नाहीच.

आम्ही बाहेर आलो. दिवा चालू होता तो तसाच राहू दिला, कारण खोलीत वाफ साचलेली असेल तर बटणाची ठिणगीही नको होती. दाराला कुलूप लावलं, कागदावर मोठ्या अक्षरात "आत जाऊ नये" लिहून चिकटवलं, शेजारच्या दोन्ही लॅब बंद केल्या आणि मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

तिथे मला ऐकावं लागलं, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार आहे? मामांना सांगा, खाली नेऊन ओतून टाकतील." मला राग आला, अजूनही येतो. ओतायला सांगायचं ते मामांना, आणि मामांनी मान डोलावून ते केलंही असतं. मी ईथरची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके सांगणारं माहितीपत्रक, छापून आणली आणि पेरॉक्साइडची ओळ बोटाखाली धरून वाचून दाखवली. आमचा एक माजी विद्यार्थी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो. फोन स्पीकरवर टाकून त्याला सगळं सांगितलं. तो एकच वाक्य बोलला, "मॅडम, ती खोली आता तुमची राहिली नाही, १०१ लावा." माझ्या पानभर वाचनाने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं.

अग्निशमन दलाला फोनवर "केमिकल सांडलंय" असं मोघम सांगून चालत नाही. मी पदार्थाचं नाव, अंदाजे किती मिली, कितवा मजला, शेजारी कोणती रसायनं, स्फटिकांची शंका का येते, हे सगळं कागदावर लिहून मग वाचलं. प्रशिक्षित पथक आलं, तो सगळा भाग रिकामा केला, आणि बाटली त्यांनी त्यांच्या पद्धतीने नेली. आम्ही खाली मैदानात गुलमोहराखाली उभे होतो.

मामा कट्ट्यावर बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दर दिवाळीला मी झाकण पिळून घट्ट करायचो, मॅडम. वास येऊ नये म्हणून."

मला काही बोलता आलं नाही. त्यांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही एम.एस्सी., पीएच.डी. झालेली माणसं त्याच लॅबमध्ये बसून चहा पीत होतो, आणि बाटल्या हाताळणाऱ्या माणसाला फक्त त्यांची नावं शिकवलेली होती.

राहिलेली बाटली, सव्वा वर्षाची, स्वच्छ होती. झाकण कोरडं, द्रव नितळ, स्फटिकाचा मागमूस नाही. तो माजी विद्यार्थी आठवडाभराने स्वतः आला. त्याच्या देखरेखीखाली, फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात), चेहऱ्यावर शील्ड लावून आम्ही तिची चाचणी केली. १ मिली ग्लेशियल असेटिक आम्लात सुमारे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात १ मिली ईथर. पेरॉक्साइड असेल तर आयोडीन सुटतं आणि रंग पिवळा होतो, खूप असेल तर तपकिरी. शेजारी ईथर न घातलेली दुसरी नळीही हवीच, कारण हे मिश्रण नुसतं ठेवलं तरी वेळाने आपोआप पिवळं पडतं आणि आपण फसतो. आमचा रंग फिकट पिवळा आला. फेरस सल्फेटने धुऊन ते ईथर वापरता आलं असतं, पण अर्ध्या बाटलीसाठी तो उपद्व्याप नको असं ठरलं आणि ती कचऱ्याच्या यादीत गेली.

वाफेबद्दल मी इतकी कडक का, असं विद्यार्थी विचारतात. एम.एस्सी.ला असताना मी सेपरेटिंग फनेलने ईथरचा थर वेगळा करत होते. बर्नर माझ्या टेबलावर नव्हता, दोन टेबलं सोडून होता, मैत्रिणीचा. मला वाटलं, पुरेसं अंतर आहे. टेबलावरून एक निळसर रेघ माझ्याकडे धावत आली आणि फनेलखालचा बीकर पेटला. सरांनी त्यावर घड्याळकाच, म्हणजे काचेची उथळ बशी, झाकली म्हणून निभावलं. मनगटावरचे केस जळले, कोट सुती होता म्हणून त्वचा वाचली. नायलॉनचा असता तर वितळून चिकटला असता. नंतर मी हिशेब मांडला. १०० मिली ईथरची सुमारे २४ लिटर वाफ होते. हवेत १.९ टक्के वाफ असली की मिश्रण पेटू शकतं, म्हणजे एक बीकर सांडला तर सव्वा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. टेबलाखाली साधारण तेवढीच जागा असते. हा हिशेब मी आता दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला फळ्यावर करून दाखवते.

बर्नर नको म्हटलं की हॉट प्लेट पुढे येते. तीही नको. ईथर साधारण १६० ते १८० अंशांना ज्योतीशिवाय पेट घेतं, आणि हॉट प्लेटचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. आम्ही पाणी दुसऱ्या खोलीत गरम करतो आणि ते पाणी आणून त्यात फ्लास्क ठेवतो. ईथर उडवताना तळ कोरडा होईपर्यंत कधीच जात नाही, कारण पेरॉक्साइड असले तर ते तळाशीच साचतात.

फ्रिजचा विषयही तेव्हाच निघाला. "फ्रिजमध्ये ठेवा की" असं तिघांनी सुचवलं. घरगुती फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट असतो, दाराचा दिवा असतो, दोन्हींची ठिणगी पडते आणि आत वाफ कोंडलेली असते. शिवाय थंडीने पेरॉक्साइड बनायचे थांबत नाहीत. ज्वलनशील द्रवांसाठी मुद्दाम बनवलेला फ्रिज महाग असतो, त्याचं कोटेशन मागवलं आहे.

खरेदीची जुनी पद्धत मामांकडूनच कळली. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवरून बाटली घ्यायची, रेक्झिनच्या पिशवीत घालायची आणि लोकलने परत यायचं. संध्याकाळच्या गर्दीत, पायाशी ईथर. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १६४ खाली यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि डब्यात ती बाटली फुटली असती तर काय, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही. आता पुरवठादार स्वतःच्या गाडीने माल पोचवतो. बाटलीही अडीच लिटरची न मागवता ५०० मिलीची मागवतो, पेरॉक्साइड बनणं रोखणारं बीएचटी घातलेली, तीही सत्र सुरू झाल्यावर. मेमध्ये स्टोअरमध्ये ईथर ठेवायचंच नाही असं ठरवलं.

कचऱ्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं निघालं. तोवर वापरलेलं ईथर बेसिनमध्येच जात होतं, आणि ते पाण्यावर तरंगत गटारापर्यंत जाऊन तिथे वाफ सोडतं, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट एका कॅनमध्ये, बाकीचे दुसऱ्यात. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही आणि पाठवताना फॉर्म १० मध्ये मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद, भरावा लागतो. आमचा माल तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जातो. पहिल्या खेपेला एवढ्या थोड्या कचऱ्यासाठी गाडी पाठवायला कुणी तयार नव्हतं. पाच आठवडे मी फोन करत राहिले. शेवटी जवळच्या दोन कॉलेजांना बरोबर घेतलं तेव्हा गाडी आली.

स्टोअरच्या दाराला आता एक मार्कर दोरीने बांधलेला असतो. बाटली आली त्या दिवसाची तारीख, आणि उघडली त्या दिवसाची, उघडणाऱ्याच्या सहीसह. उघडल्यापासून तीन महिन्यांनी चाचणी, सहा महिन्यांनी संपली नसली तरी बाहेर. जुलैत एका नव्या सरांनी तारीख न लिहिता बाटली परत ठेवली. मामांनी ती कपाटात घेतली नाही. सर जिन्यापर्यंत गेले होते, तिथून त्यांना परत बोलावलं.

पश्चिमेची खिडकी अजून तशीच आहे. एक्झॉस्ट पंखा बसवून दिला, पण त्याची मोटर साधी आहे, फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) नाही, म्हणून मी तो सुरू करू दिलेला नाही. त्यासाठी तिसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे.