चौदा नंबरची विहीर
आमच्या बंद केलेल्या कचराभूमीवरील, कचऱ्यातल्या वायूवर वीज बनवणारे गॅस इंजिन एप्रिलमधल्या एका पहाटे बंद पडले. त्याला चालायला साधारण ४५ टक्के मिथेन लागतो आणि मीटर ३८ दाखवत होता. अधिक काळजी ऑक्सिजनच्या आकड्याची होती, कारण कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत, जो जवळपास निम्मा मिथेन आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो, ऑक्सिजन जवळजवळ नसायला हवा. तो दिसला, म्हणजे कुठून तरी हवा आत ओढली जात आहे.

वीजनिर्मिती घटत होती म्हणून आदल्या आठवड्यात मीच ब्लोअरचे, म्हणजे ढिगातून वायू ओढणाऱ्या पंख्याचे, सक्शन वाढवले होते. तो निर्णय चुकीचा होता. जितका वायू तयार होतो, तितकाच ओढता येतो. त्यापुढे ओढली जाते ती हवाच.

वायूतले घटक मोजणारे विश्लेषक यंत्र घेऊन, वायू ओढण्यासाठी ढिगात खोदलेली एकेक विहीर तपासत निघालो. सोबतचे मामा पूर्वी याच ढिगावर कचरा वेचत असत. चौदा नंबरपाशी ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, इथलं गवत एका रेघेत करपलंय." वाकून पाहिले, तर आच्छादनाच्या काळ्या मातीला बोटभर रुंदीची भेग गेली होती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. आच्छादनासाठी ती निवडताना मात्र कोणी हा विचार केला नव्हता. विहिरीतल्या वायूचे तापमान ६४ अंश होते आणि अर्धवट जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही दिसत होता.

ढिगाच्या पोटात आग धरत असल्याची ती खूण होती. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार कचराभूमीच्या आगीमुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि आमच्या कुंपणापलीकडेही वस्ती आहे. मी त्या विहिरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, शेजारच्या विहिरींचे सक्शन कमी केले आणि दुपारपर्यंत आम्ही बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) मिसळलेली ओली चिकणमाती भेगेत ठोकून बसवली.

संध्याकाळी इंजिन निम्म्या भारावर सुरू झाले. वीज कमी का, असा फोन आला, तेव्हा मी सांगितले की शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो; तो हवेत जाऊ न देता जाळणे हे आमचे पहिले काम आहे, आणि वीज त्यानंतर येते. चौदा नंबरचे तापमान ५० च्या खाली यायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी मामा माझ्याआधी तिथे पोहोचलेले असत.