दुसऱ्यासाठी मागताना

"तुझ्यासाठी प्रार्थना करते हं" हे वाक्य आपल्याकडे "ये ना एकदा घरी" इतकंच सहज तोंडून निघतं, आणि पुढे त्याचं होतंही तितकंच. मनात खोट नसते. पण कुणासाठी, काय, कधी आणि किती दिवस, यातलं काहीच ठरवलेलं नसतं. रात्री पलंगावर पडल्यावर "देवा, सगळ्यांचं भलं कर" म्हणून डोळे मिटले जातात. त्या "सगळ्यां"मध्ये ऑपरेशनची तारीख मिळालेली शेजारीण असतेही आणि नसतेही.

कॅथलिक परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं, अशी वाऱ्यावर सोडलेली नाही. तिला ठरलेल्या जागा आहेत, पद्धती आहेत, काही बाबतीत चक्क कायदाही आहे. "मध्यस्थ तर एकटा ख्रिस्त, मग आपण कोण मध्ये पडणार?" असा प्रश्न हमखास येतो. पौलाने तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पाचव्या ओवीत तो एकच मध्यस्थ सांगितला आहे. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओवीत मात्र सर्व माणसांसाठी विनंत्या करा, असा आग्रह आहे, आणि लगेच पुढच्या ओवीत राजांचं आणि अधिकाऱ्यांचंही नाव आहे. पौलाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नव्हता.

सुरुवात वहीपासून करावी. मोबाईलमध्ये नको, कारण तो प्रार्थनेच्या वेळी हातात घेतला की प्रार्थना संपली. पानावर नाव, काय मागायचं ते एका ओळीत, आणि तारीख. बहुतेक याद्या फसतात त्या लांबीमुळे. महिनाभरात चाळीस नावं होतात, रोज वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते. त्यावर उपाय म्हणजे वार वाटून घेणे. भक्तिपरंपरेत वारांची वाटणी आधीच झालेली आहे: सोमवार मयतांचा, बुधवार संत योसेफाचा, गुरुवार पवित्र साक्रामेंताचा (ख्रिस्तप्रसादाचा), शुक्रवार ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा, शनिवार मारियेचा. मग सोमवारी गेलेल्यांची नावं, बुधवारी नोकरीधंद्याची आणि घराच्या अडचणींची, गुरुवारी फादर-सिस्टर, शुक्रवारी आजारी आणि व्यसनात अडकलेले, शनिवारी मुलं आणि गरोदर बायका. एका वाराला पाच-सहा नावं पुष्कळ झाली. ज्याचं काम झालं त्याच्यापुढे तारीख घालून आभाराची एक ओळ लिहा आणि नाव बंद करा. नावं बंद न करणं हेही यादी मरण्याचं एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी घरी आलेला पेशंट अजून आयसीयूतच असतो.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा क्रम चर्चच्या प्रहरप्रार्थनेतून (दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थनेतून) उचलावा. तिथे सायंकाळच्या विनंत्यांमध्ये शेवटची विनंती नेहमी मयतांसाठी असते. घरी तोच क्रम ठेवला तर गेलेली माणसं विसरायची भीती राहत नाही.

रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, तर दुसऱ्यासाठी मागायची सोय बांधणीतच आहे: पाच रहस्यं (ख्रिस्ताच्या आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग), म्हणजे पाच जागा. रहस्याच्या आधी एक नाव घ्यायचं आणि दहा नमो मारिया त्याच नावावर म्हणायच्या. माणूस आणि रहस्य जुळलं तर मन भटकत नाही. गरोदर बाईसाठी आनंदाचं दुसरं रहस्य, म्हणजे मारियेची एलिझाबेथला भेट. नवरा-बायकोत बिनसलं असेल तर काना गावातलं लग्न, 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडलेल्या प्रकाशाच्या रहस्यांतलं दुसरं. ज्याची रात्रीची झोप उडाली आहे त्याच्यासाठी दुःखाचं पहिलं, गेथसेमनी बागेतली ख्रिस्ताची व्याकूळ रात्र. त्या दिवशी नेमकी दुसरी रहस्यं आली तर? कोणत्या वारी कोणती रहस्यं, ही वाटणी शिफारस आहे, सक्ती नाही. घरच्या रोझरीत बिघाड होतो तो वेगळाच. सुरुवातीला घरातली ज्येष्ठ बाई गावभरच्या अडचणी सात-आठ मिनिटं सांगते, तोवर मुलं पेंगतात, आणि मग पंधरा-वीस मिनिटांची माळ बारा मिनिटांत उरकली जाते. एका रहस्याला एक नाव आणि एक वाक्य, एवढंच ठेवा.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि घोळ होतो तो मोजणीत. नववा दिवस सणाच्या आदल्या दिवशी यायला हवा. मारियेच्या जन्माचा सण 8 सप्टेंबरला, म्हणून नोव्हेना 30 ऑगस्टला सुरू. संत फ्रान्सिस झेवियरचा सण 3 डिसेंबरला, म्हणून जुन्या गोव्यात नोव्हेना 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर. दैवी दयेची नोव्हेना उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सुरू होते. ती केवळ स्वतःच्या अडचणीसाठी म्हणणाऱ्यांनी तिची रचना नीट पाहावी. तिथे रोज एक वेगळा गट ख्रिस्ताकडे न्यायचा असतो: पहिल्या दिवशी पापी, दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आणि व्रतस्थ, आठव्या दिवशी शुद्धिस्थानातले (मरणानंतर शुद्ध होत असलेले) आत्मे आणि नवव्या दिवशी श्रद्धेत कोमट झालेले. माहीमच्या सेंट मायकलची बुधवारची नोव्हेना 1948 पासून चालू आहे. तिच्यात नऊ सलग दिवसांचा प्रश्नच नाही, दर बुधवारी ती असतेच. मधला एखादा दिवस चुकला तर सगळं वाया गेलं, असं काही नाही. दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवावं. नऊ प्रती झेरॉक्स काढून चर्चच्या बाकावर ठेवा, नऊ जणांना फॉरवर्ड करा, नाहीतर वाईट होईल, हा प्रकार मात्र प्रार्थना नव्हे, निव्वळ अंधश्रद्धा आहे. चर्चची शिकवणही तेच सांगते: बाह्य कृतीच्या जोरावर फळ मिळतं असं मानणं ही अंधश्रद्धा.

आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली वेदीवरची मुख्य उपासना. दुसऱ्यासाठी करता येईल अशी यापेक्षा मोठी प्रार्थना नाही, आणि सर्वात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

पॅरिश (धर्मग्राम) ऑफिसात इंटेन्शन, म्हणजे मिस्सा कोणासाठी किंवा कशासाठी अर्पण करायची ते, देताना तीन गोष्टी सांगायच्या: नाव, जिवंत की मयत, आणि शक्य असेल ती तारीख. आजारपण, परीक्षा, उपकारस्मरण यांतलं काहीही चालतं. चर्चचा कायदा असा की धर्मगुरू कोणाहीसाठी, जिवंत असो वा मयत, मिस्सा अर्पण करू शकतो. म्हणजे हिंदू शेजाऱ्याच्या बायपाससाठी मिस्सा देता येते. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून ऑफिसातून परत फिरायचं कारण नाही. जाहीर नाव घ्यायचं की नाही, एवढं त्यांना आधी विचारावं.

पैशांबद्दल सरळ बोलू या. मिस्सा विकत मिळत नाही. दान असतं, त्याची रक्कम त्या प्रांतातले बिशप मिळून ठरवतात, फादर त्याहून जास्त मागू शकत नाहीत, आणि गरिबासाठी काहीही न घेता मिस्सा करावी अशी कायद्याचीच शिफारस आहे. एका मिस्साला एका दानाचं इंटेन्शन हा मूळ नियम. दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी फादर एकाच मिस्साचं दान स्वतःकडे ठेवू शकतात, अपवाद फक्त नाताळचा. बाकीचं बिशपांनी ठरवलेल्या कामासाठी जातं.

मग रविवारी एका दमात पंधरा नावं कशी वाचली जातात? ती बहुधा सामूहिक इंटेन्शनं असतात, म्हणजे अनेकांची दानं एकत्र करून एकच मिस्सा. व्हॅटिकनच्या 1991 च्या आदेशाने त्यांना आठवड्यातून दोनदाच मुभा दिली होती. एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नव्या आदेशाने हा निर्णय प्रांतातल्या बिशपांवर सोपवला. अट तीच राहिली: देणाऱ्याला आधी सांगून त्याची मोकळी संमती घ्यायची. म्हणून "ही एकट्याची मिस्सा की सामूहिक?" असं विचारायला लाजू नका. आणखी एक. धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना रविवारी आणि बंधनकारक सणांना एक मिस्सा आपल्या सगळ्या लोकांसाठी करावीच लागते. त्या मिस्साला तुमच्या आजीचं नाव मिळालं नाही तर तो माज नव्हे. त्या मिस्सात तुम्ही आहातच.

ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मयतासाठी सलग तीस दिवस तीस मिस्सा. जिवंत माणसासाठी त्या होत नाहीत, आणि आईवडील दोघांची नावं एकाच तीसमध्ये घालता येत नाहीत. फादर तेच हवेत किंवा चर्च तेच हवं, असं नाही. अचानक आजारपण किंवा एखादं दफन आल्याने खंड पडला तर उरलेल्या लवकरात लवकर पूर्ण करायच्या. मात्र वर्दळीच्या धर्मग्रामात सलग तीस दिवस रिकामे मिळत नाहीत. रोज मिस्सा होणाऱ्या मठात किंवा निवृत्त फादरांकडे विचारलं तर लवकर जमतं.

मिस्सातच आणखी एक जागा आहे, आणि ती आपण वाया घालवतो: विश्वासूंची प्रार्थना, म्हणजे मिस्सात लोकांतर्फे वाचल्या जाणाऱ्या विनंत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ती परत आणली. क्रम ठरलेला आहे: आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जग, मग अडचणीत असलेले, शेवटी आपला स्थानिक समाज. ती थोडक्यात, संयमाने लिहावी असं मिस्साच्या नियमावलीत म्हटलं आहे. वसईच्या मराठी मिस्सांमध्ये ती लिहायचं काम बहुधा त्या दिवशीच्या वाडीकडे किंवा गटाकडे येतं आणि शनिवारी रात्री घाईघाईत होतं. मग वाचक वेदीपाशी येऊन असं काही वाचतो:

"हे प्रभो, आजचे तरुण मोबाईलच्या आहारी गेले आहेत, मिस्साला येत नाहीत, आईवडिलांचं ऐकत नाहीत, त्यांना सद्बुद्धी दे."

यात तीन चुका आहेत. वाचकाने देवाशी बोलायचंच नाही. त्याने लोकांना सांगायचं की कशासाठी प्रार्थना करू या, आणि देवाशी बोलणं "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" या सगळ्यांच्या उत्तरात होतं. दुसरं, ही तक्रार आहे. मागे उभी असलेली पाच-सहा पोरं ती बरोबर ओळखतात. तिसरं, नेमकं मागितलंय काय तेच कळत नाही. तेच असं लिहा:

"नोकरीच्या शोधात घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या तरुणांना चांगली सोबत आणि आधार मिळावा म्हणून प्रार्थना करू या."

वीसच्या आत शब्द, एकच मागणी, टोमणा नाही. अशा चार ते सहा विनंत्या पुरेत. प्रत्येकीनंतर उत्तराआधी चार-पाच सेकंद थांबा. ही शांतता रिकामी नसते, लोकांची खरी प्रार्थना तिच्यातच होते. आभारप्रदर्शन, देणगीदारांची नावं, फेस्ताची जाहिरात यांना इथे जागा नाही. आजारी माणसाचं नाव घरच्यांच्या परवानगीने घ्यावं. आजाराचं नाव मात्र कधीच घेऊ नये. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "प्रार्थनेची विनंती" म्हणून रिपोर्टचा फोटो टाकणारेही असतात. चांगल्या हेतूने केलेली ती चहाडीच.

फळ दिसलं नाही तर किती काळ मागत राहायचं? फ्रान्समधली संत, लिझ्यूची तेरेज, चौदा वर्षांची असताना, 1887 च्या उन्हाळ्यात, पॅरिसमध्ये तिघींच्या खुनासाठी मृत्युदंड झालेल्या प्रांझिनीसाठी प्रार्थना करू लागली. तो पश्चात्ताप करायला तयार नव्हता. तिने बहिणीमार्फत त्याच्यासाठी मिस्साही अर्पण करवली. देवाकडे खूण मागितली, पण ती मिळाली नाही तरी त्याला क्षमा मिळेल याची खात्री आहे, असंही ठरवलं. 31 ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला, आणि शेवटच्या क्षणी त्याने क्रूसाचं तीनदा चुंबन घेतल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे: एक माणूस, एक मागणी, मिस्साची जोड, आणि परिणामावर अट नाही. चमत्काराच्या भागाने भारावून जाऊन लोक हा भाग सोडून देतात. पुढे कार्मेल मठाबाहेर पाऊल न टाकता जगलेली ती मृत्यूनंतर 1927 मध्ये फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरली.

नोव्हेंबरमध्ये मयतांसाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी), मिळवता येते. 1 ते 8 नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मयतांसाठी मनातल्या मनात का होईना प्रार्थना करायची. सोबत कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली), कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक स्वर्गातील पित्या आणि एक नमो मारिया पुरते), आणि कोणत्याही पापाची ओढ मनात न ठेवणं. शेवटची अट सर्वात अवघड. ती पुरी झाली नाही तर माफी पूर्ण न मिळता अंशतः मिळते. दिवसाला एकच मिळते, त्यामुळे आठ दिवसांत जास्तीत जास्त आठ मयत. एक कुमसार सगळ्यांना चालतो, कम्युनियन मात्र दर वेळी वेगळं. त्या दिवसांत कुमसाराला रांग लागते, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच जाऊन यावं. आणि ही दंडमाफी दुसऱ्या जिवंत माणसासाठी मिळवता येत नाही, तो अंथरुणाला खिळलेला असला तरी. त्याच्यासाठी मिस्सा द्या, शुक्रवारच्या पानावर त्याचं नाव लिहा, आणि आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी फादरांना वेळेत फोन करा.