अंबडचा सर्व्हर: बिलं का अडकत होती ते सापडलं

सापडलं! मामांच्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपचा मेल पाठवणारा सर्व्हर मागच्या पोस्टमध्ये सांगितलेल्या अडचणीतच अडकला होता. दोन ओळींची मेल जाते, पीडीएफ बिल जोडलं की कनेक्शन लटकतं आणि शेवटी टाइमआउट. फायबर आणि पीपीपीओई (लॉगिन करून चालणारी इंटरनेट जोडणी) आल्यापासूनच हे सुरू झालं, म्हणून मी लाइनवरच संशय धरून बसलो होतो. पोर्ट २५ (सर्व्हर-ते-सर्व्हर मेलचा) बंद असेल असं तुमच्यापैकी काहींनी सुचवलं, पण आपण ५८७ (लॉगिन करून मेल पाठवायचा पोर्ट) वापरतो आणि त्यावर लॉगिनपर्यंत सगळं सुरळीत होत होतं. फायरवॉलची आउटपुट चेन (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) पूर्ण मोकळी करून पाहिली, काही फरक नाही.

शनिवारी रात्री पिंगला डीएफ ('पॅकेट तोडू नका' ही खूण) लावून साइझ वाढवत गेलो. १४६४ बाइटला उत्तर, १४६५ला शांतता. हेडरचे २८ धरले की १४९२, म्हणजे पीपीपीओईचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइझ). मग राउटर 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' (पॅकेट मोठं आहे, तोडावं लागेल) का कळवत नाही? टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारं टूल) लावला, तर तो कळवत होता! दर वेळी, एमटीयू १४९२ सांगून. आत येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, हे आठवलं आणि इनपुट चेन (आत येणाऱ्या पॅकेटांचे नियम) तपासली. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) मी फक्त 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच सुरू असलेल्या कनेक्शनची पॅकेटं) अ‍ॅक्सेप्ट केलं होतं. आयसीएमपीचा (नेटवर्कचे निरोप देणारा प्रोटोकॉल) हा एरर 'रिलेटेड'मध्ये (सुरू कनेक्शनशी संबंधित पॅकेटं) मोडतो, म्हणून दारातच ड्रॉप. सर्व्हर १५००चीच पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. साध्या पिंगचं उत्तर 'एस्टॅब्लिश्ड'मध्ये बसतं, त्यामुळे इनपुटकडे लक्षच गेलं नाही.

नियमात 'रिलेटेड' हा एक शब्द वाढवला, रूलसेट लोड केला आणि क्यूमधली १९ बिलं माझ्यासमोर निघून गेली. मामांना रात्री अकराला फोन करून सांगितलं.

जुना राउटर एमएसएस क्लॅम्प करायचा (कनेक्शन सुरू होतानाच पॅकेटांची साइझ कमी ठरवायचा), म्हणून ही चूक इतके दिवस झाकली गेली. लाइनबरोबर मिळालेल्या नव्या डब्यात ती सेटिंगच नाही. माझं मत पक्कं झालंय: तो ब्रिज मोडवर (नुसती लाइन पुढे देणारा) टाकायचा आणि मागे आपला ओपनडब्ल्यूआरटीवाला राउटर.

पुढचं काम ड्रॉपच्या आधी लॉग रूल (ड्रॉप होणाऱ्या पॅकेटांची नोंद) टाकण्याचं ठरवलं होतं. पण हे लिहिताना वायरगार्ड (आपला व्हीपीएन) आठवलं. त्याचा १४२० एमटीयू आयपीव्ही४वरून हेडरचे ६० धरून १४८०, १४९२मध्ये बसतो. आयपीव्ही६वरून ८० धरले की थेट १५००, बसत नाही. घरचा बॅकअप आयपीव्ही६वरूनच जातो. म्हणजे आधी तिथे १४१२ करून बघतो, लॉग रूल नंतर.