आंबवणाचं दुकान

पाडवा, रात्री अकरा

आज दुकान उघडलं. सोलापूरच्या साखर पेठेत, मामांच्या जुन्या गाळ्यात. मामांनी 31 वर्षं इथं सूत विकलं. फळ्या पुसून घेतल्या तरी त्यांना अजून सुताचा आणि खळीचा वास आहे, आणि मला तो जाऊ द्यायचा नाही. जिथं सुताचे कोन रचलेले असायचे तिथं आता बरण्या आहेत. चिनी मातीच्या, अर्ध्या किलोपासून दहा किलोपर्यंत. काचेच्या पाच लिटरच्या. शिवाय झाकणात बसणारे पाण्याचे एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडतात, बाहेरची हवा आत घेत नाहीत), दादऱ्यासाठी मलमल, फोडी खाली दाबून ठेवायची काचेची वजनं, खडे मीठ, आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या, थर्मामीटर, दह्याची विरजणं, मोड आणून दळलेलं नाचणीचं आणि ज्वारीचं सत्त्व.

गुढी उभारली, मामांनी नारळ फोडला. आत्यांनी पहिल्या बरणीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "रिकामी बरणी पुजू नये, काहीतरी घाल आत." मूठभर ज्वारी घातली.

दिवसभरात सात गिऱ्हाईकं. त्यातली चार बघायला आलेली.

बुधवार

पाटीवर 'घरगुती आंबवणाचं साहित्य' लिहिलंय. येणारा दर तिसरा माणूस आवाज खाली करून विचारतो, "म्हणजे दारूचं का?"

याचा राग येत नाही, कारण या दुकानाची कल्पना तिथूनच आली. भाचा अमेरिकेत असतो. त्यानं तिकडच्या एका होमब्रू दुकानातून, म्हणजे घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या दुकानातून, व्हिडिओ कॉल लावला होता. भिंतभर मोड आणून भाजलेला बार्ली, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची पाकिटं, यीस्टचा फ्रिज, आणि काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ गिऱ्हाइकाला तापमान समजावून सांगत होते. तिकडे घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्यानं 1978 मध्ये मोकळीक दिली, त्यानंतर ही दुकानं वाढली. मी बिअर पीत नाही. मी बघत होते ते त्या म्हाताऱ्यांकडे. आंबवण्यातली अडचण घेऊन जायला एक दार आहे, आत एक जाणतं माणूस बसलंय. आपल्याकडे लोणच्याला बुरशी आली तर बाई कुणाकडे जाणार?

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. 1949 चा दारूबंदी अधिनियम मी बसून वाचला. परवान्याशिवाय दारू करणं हा गुन्हा आहेच, पण ती करण्याच्या हेतूनं भांडी, साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणून वाइनचं यीस्ट नाही, हॉप्स नाहीत. व्हिनेगरचं सामानसुद्धा ठेवलं नाही, कारण रसाचं व्हिनेगर व्हायला आधी साखरेची दारू व्हावी लागते, मग त्या दारूचं आम्ल. मधली पायरी टाळता येत नाही. सोलापूरच्या डाळिंबाचं व्हिनेगर करता आलं तर किती चांगलं, असं मनात येतं, पण ते रीतसर परवाना काढणाऱ्याचं काम. माझं दुकान दही, ताक, आंबील, कांजी, लोणचं, इडली, ढोकळा, कुरडई यांचं. एवढ्यालाच एक जन्म पुरणार नाही.

मामांच्या गाळ्याआधी दुसरीकडे एक जागा ठरली होती. इसारही दिला होता. मालकाला कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि त्यानं पैसे परत केले, "आमच्या जागेत असलं नको." त्या दिवशी घरी येऊन मी रडले. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढली, हजारो लिटर दुधाला विरजण लावलं, आणि मला 'असलं' म्हणाले. मामा तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याची किल्ली चहाच्या कपाशेजारी ठेवलेली होती.

शनिवार, उशिरा

आज मनातलं लिहायचं आहे.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात शेतात जाऊन जेवायचा सण. त्याच्या दोन-तीन दिवस आधी आजी आंबील घालायची. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ. बिंदगं, म्हणजे छोटी घागर, चुलीशेजारी, गोधडीत गुंडाळलेलं. रोज सकाळी ती त्याला कान लावायची. बघायची नाही, ऐकायची. अमावस्येला ते बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात जायचं, भज्जी आणि उंड्यांबरोबर ती गार आंबील प्यायची. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, समोर हरभरा, आणि नाकात चढणारा तो आंबट वास.

आजी गेली, मग आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि दोन वर्षांपूर्वी आंबील घालायचं माझ्यावर आलं. तिसऱ्या दिवशी बिंदगं उघडलं तर तार सुटलेली. वासही वाईट. सगळं ओतून दिलं. भावानं बाजारातून मठ्ठा आणला, शेतात सगळ्यांनी तो निमूट प्यायला. कुणी एका शब्दानं बोललं नाही, तेच फार लागलं.

नंतर डोकं शांत झाल्यावर चुका सापडल्या. मी पिशवीतलं ताक वापरलं होतं. टिकावं म्हणून ताक पुन्हा तापवलेलं असेल तर त्यात आंबवणारे जिवंत जंतू उरत नाहीत; ते फक्त आंबट पाणी. त्यात बिंदगं ओट्यावर ठेवलेलं, डिसेंबरच्या थंडीत. लॅक्टिक जंतूंना ऊब मिळाली नाही, ते मागं पडले आणि नको त्यांनी जागा धरली. आजीची चूल आणि गोधडी म्हणजे तिचं इन्क्युबेटर होतं. डेअरीत मी 42-43 अंशांचा आकडा तोंडपाठ म्हणायची आणि घरात मला तो ओळखता आला नाही.

म्हणून हे दुकान. लोक विचारतात, एवढी पगाराची नोकरी का सोडली. त्यांना तार सुटलेल्या आंबिलीची गोष्ट काय सांगायची?

पुढच्या आठवड्यातला मंगळवार

ऊन चढलंय. दुपारी पेठेत चिटपाखरू नाही. डेअरीत दही लावायला जी ऊब आम्ही यंत्रानं राखायचो ती मे महिन्यात सोलापूरची दुपार फुकट देईल, पण नको असतानाही देईल. इडलीचं पीठ डिसेंबरात रात्रभर फुगत नाही आणि आता चार-पाच तासांत भांड्याबाहेर येतं.

सध्या सगळ्या बायका कुरडईच्या मागं आहेत. आज तिघी आल्या, तिघींची तक्रार एकच, चिकाला वास येतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. गव्हाचं पाणी रोज बदलायला जीव होत नाही, म्हणून एक दिवस चुकतो, आणि या उन्हात तेवढा एक दिवस पुरतो. मी त्यांना सांगितलं, गहू कमी घ्या पण पाणी चुकवू नका. पातेलं ओल्या गोणपाटात, माळवदाच्या खोलीत ठेवा. काढलेलं पाणी झाडांना घाला, वाया जात नाही. एकीनं विचारलं, "मग आम्ही तुमच्याकडनं घ्यायचं काय?" मी म्हटलं, काही नको. तरी तिनं दोन मीटर मलमल घेतलं.

भाज्यांच्या लोणच्याला किलोला वीस-पंचवीस ग्रॅम मीठ पुरतं, उन्हाळ्यात मी तीस सांगते. कैरीचं गणित निराळं, तिथं मीठ सढळ. वजनकाटा घ्या म्हटलं की बायका हसतात. त्यांचा हात हाच काटा असतो, आणि पुष्कळदा तो बरोबर असतो.

गुरुवार

आज एक मावशी आल्या. साठीच्या असतील. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, चटणीला बरणी हवी होती. बरणी बघता बघता कोपऱ्यातल्या गाजराच्या कांजीपाशी थांबल्या. एअरलॉकमधून बुडबुडे येत होते. त्या वाकल्या, कान लावला. अगदी आजीसारखा. म्हणाल्या, "ताई, हे आज सांजच्याला उतरवा. उद्या लई आंबट हुईल."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या तांड्यावर आधी हातभट्टी होती. आवाज वळखायलाच शिकलो आम्ही." सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, हातभट्टी सोडून दुसरा धंदा धरायला लोकांना मदत केली, त्या वेळी त्यांच्या घरानं ते बंद केलं. "ते वाईटच हुतं," त्या म्हणाल्या, "पोरांनी धाड बगितली, नवऱ्याचा जीव त्यात गेला. पन हात इसरत न्हाई ना ताई."

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांना काय वाटेल याची भीती होती, तरी विचारलं, एक बघाल का? कांजी, ताक आणि आंबील मिळून पाच वाट्या होत्या, वेगवेगळ्या दिवसांच्या. सकाळीच प्रत्येकीची पीएच पट्टी बघून मी वहीत क्रम लिहिला होता. वही मिटून ठेवली. मावशींनी पाचही वाट्या नाकाजवळ नेल्या, चव घेतली नाही, आणि कमी आंबटापासून जास्त आंबटापर्यंत ओळीनं मांडल्या.

तीन माझ्या क्रमानं. शेवटच्या दोन उलट्या.

त्या गेल्यावर मी त्या दोन्ही वाट्यांत नव्या पट्ट्या बुडवल्या. दोन्ही साधारण साडेतीनच्या रंगाच्या. ट्यूबलाइटखाली, दाराशी, मोबाइलच्या उजेडात, तिन्हीकडे धरून बघितल्या. पट्टीला फरक दिसत नाही. सकाळी मी कशावरून क्रम लावला तेही आठवत नाही. वाट्या झाकून फ्रिजात ठेवल्या आहेत. उद्या डेअरीतल्या जुन्या मैत्रिणीकडून पीएच मीटर मागून आणते. मावशी भाकरी विकायला मंगळवार बाजारापाशी बसतात म्हणाल्या, आकडा त्यांना तिथं जाऊन सांगायचा.